पाळीव प्राण्यांचे डोळे चुरचुरत असतील तर: नैसर्गिक उपायांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राण्याचा डोळा लाल दिसला की पहिला प्रश्न बहुतेकांच्या मनात हाच येतो: घरात असं काय आहे जे लगेच लावता येईल? मी बरीच वर्षं कुत्री-मांजरं सांभाळली आहेत आणि हा प्रश्न मलाही अनेकदा पडला आहे. घाईत वाचणाऱ्यांसाठी मुख्य गोष्ट आधीच सांगते. डोळ्याच्या आत फक्त निर्जंतुक मीठपाणी, म्हणजे सलाईन, जाऊ द्यायचं. बाकीचे सगळे नैसर्गिक उपाय डोळ्याच्या बाहेर. आणि प्राणी डोळाच उघडत नसेल तर उपाय शोधत बसायचं नाही, सरळ पशुवैद्याकडे न्यायचं.

डोळा नुसता चुरचुरतोय की खरंच दुखतोय, हे कसं ओळखायचं?

लालीकडे नंतर बघा, आधी पापणीकडे बघा. धूळ गेली, वारा लागला किंवा शाम्पूचा थेंब उडाला, तर प्राणी थोडा वेळ डोळे मिचकावतो, पाणी येतं, पण डोळा उघडा राहतो आणि काही तासांत लाली उतरायला लागते. खरोखर दुखणारा डोळा किलकिला होतो किंवा गच्च मिटलेला राहतो. प्राणी उजेडाकडे पाठ करून बसतो, पंजाने डोळा चोळतो, तोंड जमिनीवर घासतो. मांजरं मात्र फसवतात. यातलं काहीच न करता ती कोपऱ्यात जाऊन बसतात आणि खाणं कमी करतात.

दुसरी गोष्ट म्हणजे दोन्ही डोळ्यांची तुलना. त्रास एकाच डोळ्याला असेल तर कुसळ, ओरखडा, आत वळलेला केस, तुंबलेली अश्रुनलिका असं काहीतरी त्या डोळ्यापुरतं असण्याची शक्यता जास्त. दोन्ही डोळे एकदम लाल झाले तर धूळ, धूर, अ‍ॅलर्जी किंवा संसर्गाचा विचार आधी करावा. मांजरांतला विषाणूसंसर्ग अनेकदा एकाच डोळ्यात सुरू होतो, त्यामुळे हा नियम पक्का नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते यावरून ठरवता येतं.

सकाळी डोळ्याच्या कोपऱ्यात करडं किंवा तपकिरी चिपड दिसणं नेहमीचंच. ते घट्ट, पिवळं किंवा हिरवट झालं, दिवसभर येत राहिलं, किंवा त्याने पापण्या चिकटायला लागल्या तर ती वेगळी बाब आहे.

कोणत्या वेळी घरगुती उपाय करायचाच नाही?

डोळा मिटलेला असेल, काचेसारख्या भागावर निळसर किंवा पांढरट झाक आली असेल, एक बाहुली लहान आणि दुसरी मोठी दिसत असेल, डोळ्याचा गोळा फुगल्यासारखा वाटत असेल, आत रक्त दिसत असेल, दुसऱ्या प्राण्याचा पंजा किंवा नख लागलं असेल, किंवा प्राणी ओळखीच्या घरात वस्तूंना धडकत असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्य. रात्र असली तरी निदान फोन करा.

इतकी घाई का, ते सांगते. काचबिंदूमध्ये डोळ्यातला दाब वाढतो. कुत्र्यात हा दाब साधारण १० ते २५ मिलिमीटर पारा इतका असतो. तो एकाएकी खूप वाढला तर एक-दोन दिवसांत दृष्टी कायमची जाऊ शकते. सुरुवातीला मात्र बाहेरून दिसतो तो फक्त एक लाल, पाणावलेला डोळा. धूळ गेलेला डोळाही तसाच दिसतो.

अंगावर किंवा डोळ्यात फिनाईल, चुना, ब्लीच, साबणाचं तीव्र द्रावण असं काही उडालं असेल तर सलाईन शोधण्यात वेळ घालवू नका. नळाच्या स्वच्छ, कोमट पाण्याच्या हलक्या धारेखाली डोळा १५ ते २० मिनिटं धुवत राहा आणि मग लगेच दवाखाना गाठा.

मग सगळ्यात सुरक्षित नैसर्गिक उपाय कोणता?

मीठपाणी. ऐकायला साधं वाटतं, पण डोळ्यासाठी याहून चांगला घरगुती उपाय मला तरी माहीत नाही. अश्रूंतही क्षार असतात. ०.९ टक्के मिठाचं पाणी त्यांच्याशी इतकं जुळतं की डोळ्याला ते परकं वाटत नाही. ते औषध नाही, संसर्ग मारत नाही. पण धूळ, परागकण, सैल केस, वाळलेला स्राव, सगळं वाहून नेतं, आणि चुरचुरणाऱ्या डोळ्याला बहुतेक वेळा एवढ्याचीच गरज असते.

पहिली पसंती औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या निर्जंतुक सलाईनला द्या. लहान, एकदाच वापरायच्या कुप्या मिळाल्या तर उत्तम. बाटलीवर फक्त सोडियम क्लोराइड ०.९ टक्के आणि पाणी एवढंच लिहिलेलं हवं. कॉन्टॅक्ट लेन्स साफ करण्याचं द्रावण म्हणजे सलाईन नव्हे. त्यात जंतुनाशकं असतात, काहींत हायड्रोजन पेरॉक्साइडही असतं, आणि ते डोळ्याला भाजतं.

घरीच करायची वेळ आली तर पाणी आधी काही मिनिटं खळखळून उकळा, अर्ध्या लिटरला साडेचार ग्रॅम मीठ घाला आणि झाकून गार होऊ द्या. मीठ शक्यतो वजनकाट्यावर मोजा. चमच्यानेच मोजायचं असेल तर चहाचा सपाट पाऊण चमचा. मीठ जास्त झालं तर पाणी झोंबतं, कमी झालं तरी चुरचुरतं. भांडं आणि चमचाही उकळून घ्या. हे पाणी झाकून ठेवलं तरी २४ तासांनंतर टाकून द्यायचं. मिठाने ते टिकत नाही, जंतू त्यात आरामात वाढतात.

डोळा धुवायची नेमकी पद्धत काय?

आधी हात धुवा. मीठपाणी अंगाच्या तापमानाइतकं कोमट असू द्या. फ्रीजमधलं गार पाणी डोळ्यात पडलं की कोणताही प्राणी दुसऱ्यांदा जवळ येणार नाही. वाळलेलं चिपड ओढून काढू नका. गॉजचा ओला तुकडा मिनिटभर त्यावर धरून ठेवा, ते मऊ होऊन आपोआप सुटतं. मग डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेर पुसा. प्रत्येक पुसण्याला नवा तुकडा, आणि एका डोळ्याचा तुकडा दुसऱ्याला कधीच नाही. कापसाचे तंतू सुटून डोळ्यात जातात, म्हणून मी कापसाऐवजी गॉज वापरते.

आत धुवायचं असेल तर सुई काढलेल्या स्वच्छ सिरिंजने किंवा कुपीतूनच पाणी सोडा. खालची पापणी हलकेच ओढून धार वरच्या कोपऱ्यातून वाहू द्या, थेट बुबुळावर मारू नका. दिवसातून दोन-तीन वेळा पुरे. सतत धुतल्याने अश्रूंचा तेलकट थर निघून जातो आणि डोळा उलट जास्त कोरडा पडतो.

धुताना पापणीच्या आत गवताचं कुसळ सैल तरंगताना दिसलं तर पाण्याच्या धारेने ते निघू शकतं. रुतलेलं असेल तर चिमट्याने ओढू नका. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, कुत्र्यात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतो.

थंड शेक द्यायचा की गरम?

खाज, अ‍ॅलर्जी, धुळीने आलेली लाली असेल तर थंड. स्वच्छ कापड गार पाण्यात बुडवून, घट्ट पिळून, मिटलेल्या पापणीवर पाचेक मिनिटं. बर्फ थेट लावू नये. पापणीच्या काठावर रांजणवाडी आली असेल किंवा चिपड घट्ट चिकटलं असेल तर कोमट शेक, कापड आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघून. शेकाने तेलग्रंथींची तोंडं मोकळी होतात. पाच मिनिटं प्राणी स्थिर बसत नसेल तर दोन मिनिटांवर समाधान माना. झटापट करून दिलेल्या शेकाने फायद्यापेक्षा डोळ्याला धक्का लागण्याची भीती जास्त.

मध घातला तर चालतो का? तो जंतुनाशक असतो ना?

या प्रश्नावर मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण ही चूक मी केली आहे.

मधाला जंतूंविरुद्ध गुण आहेत, हे खरं. जखमांसाठी आणि डोळ्यांसाठीही मधाची वैद्यकीय उत्पादनं मिळतात. पण ती गॅमा किरणांनी किंवा अन्य पद्धतीने निर्जंतुक केलेली, ठरावीक प्रमाणात पातळ केलेली असतात. बरणीतला मध निर्जंतुक नसतो. त्यात मेणाचे, परागकणांचे सूक्ष्म तुकडे असतात, जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, आणि तो इतका दाट असतो की डोळ्याच्या पेशींतलं पाणी खेचून घेतो. म्हणून तो झोंबतो.

माझ्या मांजरीचा डोळा किलकिला झाला तेव्हा मी दोन दिवस पाण्यात कालवलेला मध घालत होते. पाणी जास्त येतंय म्हणजे घाण बाहेर पडतेय, अशी माझी समजूत होती. तिसऱ्या दिवशी डोळ्यावर पांढरा ठिपका दिसला. तिला दुसऱ्या मांजराचं नख लागलं होतं आणि कॉर्नियावर ओरखड्याचा व्रण झाला होता. डोळा वाचला, पण त्यावर पडलेलं फूल शेवटपर्यंत तसंच राहिलं. पहिल्याच दिवशी तपासलं असतं तर तो व्रण कदाचित आठवड्यात भरून आला असता. मधाने काही जाळलं असेल-नसेल. माझे दोन दिवस मात्र त्याने खाल्ले. प्रत्येक उत्तरात वेळेचा आग्रह धरते तो यामुळेच.

चहाची गार पिशवी? कॅमोमाइलचा काढा?

चहातल्या टॅनिनमुळे पापणीची सूज किंचित उतरल्यासारखी वाटते, पण तो गारवा साध्या ओल्या कापडानेही मिळतो. पिशवीतून निसटलेली पावडर डोळ्यात गेली तर नवीन त्रास. शिवाय ती प्राण्याने चावून गिळली तर त्यातलं कॅफीन त्याला बाधतं. कॅमोमाइलही डोळ्याच्या आत नको. काढा कितीही गाळला तरी वनस्पतीचे बारीक कण राहतात, आणि परागकणांची अ‍ॅलर्जी असलेल्या प्राण्याला त्याच कुळातलं फूल लावणं म्हणजे त्रास वाढवणं.

गुलाबपाणी, दूध, कोरफड, काकडीचा रस, खोबरेल, एरंडेल?

एकेक करून पाहू. बाटलीतल्या गुलाबपाण्यात बऱ्याचदा सुगंधी द्रव्यं आणि टिकवण्यासाठीची रसायनं असतात, आणि ते निर्जंतुक असल्याची खात्री नसते. दूध, मग ते कुणाचंही असो, जंतूंसाठी तयार जेवण आहे. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक कुत्र्या-मांजरांना पोटात गेला तर जुलाब-उलट्या होतात, आणि पापणीला लावलेलं काहीही मांजर चाटतंच. काकडीचा रस नको. गार कापडाने होत नाही असं काहीही त्याने होत नाही.

तेलांबद्दल थोडं वेगळं सांगावं लागेल. एरंडेल तेल काही कृत्रिम अश्रूंमध्ये खरंच वापरतात, पण निर्जंतुक आणि पाण्यात एकजीव केलेलं. बाटलीतलं एरंडेल थेट डोळ्यात घातलं तर नजर धूसर होते आणि त्यावर धूळ चिकटते. खोबरेलाचा उपयोग एवढाच की सतत पाणी गळून डोळ्याखालची कातडी चिरली असेल तर ती पुसून, कोरडी करून, बोटाच्या टोकाने नखभर लावायचं. पापणीच्या काठापासून दूर.

अ‍ॅपल सायडर व्हिनेगर, टी ट्री तेल, लव्हेंडर?

नाही, नाही आणि नाही. व्हिनेगर आम्ल आहे. टी ट्री तेल मांजरांना आणि कुत्र्यांना कातडीतूनही विषारी ठरतं. अशी तेलं पचवून बाहेर टाकणारी यकृतातली एक महत्त्वाची प्रक्रिया मांजरात फार कमी चालते, त्यामुळे थोडीशी मात्राही त्यांना जड जाते. घरात सुगंधी तेलाचा वाफारा चालू असेल तर तो बंद करून बघा. डोळ्यांचं पाणी कधीकधी तेवढ्याने थांबतं.

पण औषधं तरी वनस्पतींपासूनच येतात ना? मग नैसर्गिक गोष्टींना एवढा विरोध का?

विरोध अजिबात नाही. बाहुली मोठी करण्यासाठी वापरलं जाणारं अ‍ॅट्रोपिन बेलाडोनाच्या कुळातल्या वनस्पतींतून आलं. कोरड्या डोळ्यांसाठी कुत्र्यांना दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन एका बुरशीतून सापडलं. पण बेलाडोना ही विषारी वनस्पती आहे. तिच्यातला नेमका घटक, नेमकी मात्रा आणि निर्जंतुक थेंब, या तीन गोष्टी जुळल्या तेव्हा ती डोळ्याच्या कामी आली. परसातलं पान चुरगाळून यातली एकही गोष्ट साधत नाही.

युफ्रेशिया नावाची वनस्पती शतकानुशतकं डोळ्यांसाठी वापरली जाते, तिचे थेंबही मिळतात. प्राण्यांच्या डोळ्यांना तिचा गुण येतो असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही, म्हणून मी ती सुचवत नाही.

माणसांचे डोळ्यांचे थेंब चालतात का?

एकच प्रकार चालतो: संरक्षक रसायन नसलेले कृत्रिम अश्रू, ज्यात हायल्युरोनेट किंवा कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजसारखे ओलावा धरणारे घटक असतात. कोरडेपणाने चुरचुरणाऱ्या डोळ्याला ते सौम्यपणे आराम देतात.

लाली घालवणारे थेंब मात्र कधीही नाही. त्यातली टेट्राहायड्रोझोलिन, नॅफॅझोलिन यांसारखी द्रव्यं रक्तवाहिन्या आकुंचित करतात. प्राण्याने ती चाटली किंवा बाटली चावली तर हृदयाचे ठोके मंदावून जिवावर बेतू शकतं.

मागच्या वेळचं मलम उरलंय, ते लावू का?

त्यात स्टेरॉइड आहे का, हे आधी बघा. नावात डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, हायड्रोकॉर्टिसोन असं काही असेल तर लावू नका. स्टेरॉइडने लाली झटक्यात उतरते, म्हणून ते गुणकारी वाटतं. पण कॉर्नियावर व्रण असेल तर तेच औषध भरून येण्याची क्रिया रोखतं आणि जंतूंना मोकळं रान देतं. असा व्रण विरघळल्यासारखा खोल जाऊ शकतो, अगदी आरपारसुद्धा.

व्रण आहे की नाही हे घरी कळत नाही. पशुवैद्य फ्लुओरेसीन नावाचा नारिंगी रंग डोळ्यात सोडतात. कॉर्नियाचा वरचा थर जिथे खरवडला गेलाय तिथे तो धरून राहतो आणि निळ्या प्रकाशात हिरवा चमकतो. दोन मिनिटांची, न दुखणारी तपासणी आहे. डोळा किलकिला असताना ही तपासणी झाली नसेल तर "करता का?" असं विचारायला संकोच करू नका.

शिवाय उघडलेली बाटली महिनाभरानंतर टाकायचीच असते.

डोळ्याखाली तपकिरी-लालसर ओघळाचे डाग पडतात. ते कसे घालवायचे?

हा रंग पॉर्फिरिन नावाच्या लोहयुक्त घटकांचा. तांबड्या रक्तपेशी मोडताना ते तयार होतात आणि अश्रूंतूनही बाहेर पडतात. पांढऱ्या केसांवर ते उठून दिसतात आणि उजेडात अजून गडद होतात. म्हणजे डाग हा मुख्य आजार नाही. प्रश्न असा विचारायचा, की अश्रू नाकात उतरायचे ते गालावर का येतायत? चपट्या चेहऱ्याच्या जातींत डोळ्याची खोबण उथळ असते. काहींच्या कोपऱ्यातले केस वातीसारखे पाणी बाहेर ओढतात. काहींची अश्रुनलिका तुंबलेली असते.

रोज दोनदा कोमट मीठपाण्याने पुसून कोरडं करणं, आणि डोळ्यात घुसणारे केस गोल टोकाच्या कात्रीने छाटणं (हात स्थिर नसेल तर ग्रूमरकडून), हे करत राहिलात तर काही आठवड्यांत नवीन केस स्वच्छ येतात. जुना रंगलेला केस धुऊन पांढरा होत नाही, तो वाढून कापला जाईपर्यंत थांबावं लागतं. डाग घालवणाऱ्या काही पावडरींत टायलोसिन हे प्रतिजैविक असतं. केवळ शोभेसाठी महिनोन्महिने प्रतिजैविक देणं मला मुळीच पटत नाही.

डाग अचानक सुरू झाले असतील, किंवा एकाच बाजूला असतील, तर आधी तपासणी.

मांजरीचे डोळे पुन्हा पुन्हा येतात. काय करावं?

मांजरांत याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे फेलाइन हर्पिस विषाणू. लहानपणी सर्दी-शिंकांसोबत तो येतो, मग चेतापेशींत दबा धरून आयुष्यभर राहतो. घर बदललं, नवा प्राणी आला, आजारपण आलं की पुन्हा डोकं वर काढतो. क्लॅमायडिया आणि मायकोप्लाझ्मा हे जिवाणूही डोळे आणतात.

यात नैसर्गिक उपायाला खरी जागा आहे, ती म्हणजे ताण कमी करणं. लपायला उंच जागा, प्रत्येक मांजराला स्वतंत्र वाडगा आणि शौचपेटी (शिवाय एक जास्तीची), जेवणाच्या ठरलेल्या वेळा. हे वाचताना किरकोळ वाटेल, पण ज्या घरांत हे नीट पाळलं त्यांतल्या मांजरांचे डोळे कमी वेळा आलेले मी पाहिले आहेत. शौचपेटीत कमी धुळीची माती वापरा.

लायसीन या अमिनो आम्लाच्या पूरकाबद्दल सगळेच विचारतात. बरीच वर्षं ते सर्रास सुचवलं जायचं. २०१५ साली उपलब्ध अभ्यासांचा जो एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात ते मांजरांत उपयोगी नसल्याचं दिसलं आणि ते देणं थांबवावं असं सुचवण्यात आलं. या विषाणूवर आता फॅमसायक्लोविरसारखी चांगली औषधं आहेत. माणसांची अ‍ॅसायक्लोविरची गोळी मात्र मांजरांना विषारी ठरते.

मांजरीच्या दोन्ही डोळ्यांवर कोपऱ्यातून पांढरट पडदा आलेला दिसला तर ती तिची तिसरी पापणी. जुलाब, जंत, ताप अशा एकंदर आजारपणातही ती वर येते. डोळ्यात काही घालण्याआधी पोटाची चौकशी करा.

कुत्र्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात लाल गोळा आलाय. शेकून जाईल का?

बहुधा नाही. तिसऱ्या पापणीखालची ग्रंथी जागेवरून सरकून बाहेर आलेली असते. बुलडॉग, बीगल, कॉकर स्पॅनिअल यांच्या लहान वयात हे जास्त दिसतं. ही ग्रंथी अश्रूंचा मोठा वाटा बनवते, म्हणून ती कापून टाकण्यापेक्षा शस्त्रक्रियेने जागेवर बसवतात. तोवर सलाईनने किंवा कृत्रिम अश्रूंनी ओली ठेवा आणि चोळू देऊ नका.

डोळ्यात ओलावाच नाही, चिकट चिपड सारखं येतं. ओमेगा-३ ने फरक पडेल?

अश्रू कमी पडण्याचा हा आजार कुत्र्यांत बऱ्याचदा "डोळे आलेत" म्हणून महिनोन्महिने चुकीच्या औषधांवर काढला जातो. तपासणी अगदी साधी आहे. मोजपट्टीचा कागद पापणीत मिनिटभर अडकवतात आणि तो किती भिजला ते बघतात. ऑटो शिर्मर या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १९०३ साली माणसांसाठी मांडलेली ही पद्धत कुत्र्यांनाही लागू पडते. १५ मिलिमीटर किंवा जास्त भिजला तर ठीक, १० च्या खाली गेला तर कोरडेपणा.

माशाच्या तेलातलं ओमेगा-३ दाह थोडा कमी करतं, अ‍ॅलर्जीच्या कुत्र्यांना ते जोडीला देतात. मात्रा वजनावर ठरते, जास्त झालं की जुलाब होतात. पण अश्रू बनवणाऱ्या ग्रंथीवर शरीरच हल्ला करत असेल तर निव्वळ तेलाने ते थांबत नाही. तिथे सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस लागतं, बहुतेकदा आयुष्यभर.

औषधाशिवाय घरात काय बदल करता येतील?

बरंच काही, आणि माझ्या मते नैसर्गिक उपायांतला सर्वांत मोठा भाग हाच आहे. प्राण्याचं नाक जमिनीपासून वीतभर अंतरावर असतं, तेव्हा जमिनीवरची धूळ, फरशी पुसायच्या द्रावणाची वाफ, उदबत्ती-सिगारेटचा धूर तुमच्याआधी त्याच्या डोळ्याला लागतो. फरशी पुसल्यावर पूर्ण सुकेपर्यंत त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा. फवारे मारताना प्राणी खोलीत नको. अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात धुवा. फिरून आल्यावर तोंड आणि पाय ओल्या कापडाने पुसा, परागकणांच्या दिवसांत तर नक्कीच. पंखा किंवा एसीचा झोत झोपायच्या जागेवर येत नाही ना, ते बघा. गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढायला देऊ नका. कुत्र्याला त्यात कितीही मजा येत असली तरी वेगात आलेला एक खडा किंवा कीटक पुरेसा असतो.

अंघोळीच्या वेळी डोक्याला शाम्पू नको, ओलं कापड पुरे. क्लोरहेक्सिडिनचा औषधी शाम्पू चालू असेल तर विशेष जपा, तो कॉर्नियाला गंभीर इजा करू शकतो.

ससा, गिनीपिग, उंदीर, पक्षी, कासव यांचं काय?

सशाचा डोळा गळायला लागला तर त्याचे दात तपासून घ्या. वरच्या दातांची मुळं अश्रुनलिकेला अगदी लागून असतात, ती वाढली की नलिका दाबली जाते. मूत्राने भिजलेल्या अंथरुणातला अमोनिया आणि धुळीचं गवत, ही सशांच्या चुरचुरीची दुसरी दोन कारणं.

गिनीपिगच्या डोळ्यात मधूनच दुधासारखा पांढरा द्रव दिसतो आणि ते त्याने तोंड धुतात. घाबरू नका, ते नेहमीचं आहे. पाळीव उंदराच्या डोळ्याभोवती लाल द्रव दिसला तर ते रक्त नसतं, डोळ्यामागच्या ग्रंथीचा पॉर्फिरिनयुक्त स्राव असतो. मात्र तो वाढणं ही ताणाची किंवा आजाराची खूण. देवदार आणि पाइनचा भुसा अंथरायला वापरू नका, त्याच्या वासाने डोळे आणि श्वास दोन्ही बिघडतात.

पाण्यातल्या कासवाच्या पापण्या सुजून डोळे मिटले असतील तर घाण पाणी आणि 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता हे दोन संशयित. डोळे मिटले की ते खाणं सोडतं, म्हणून थांबू नका. पण 'अ' जीवनसत्त्व मनाने देऊ नका, जास्त झालं तर तेही विष आहे. पक्ष्याचा डोळा सुजला तर बरेचदा मूळ श्वसनाच्या आजारात असतं.

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाची बंद पापणी फुगली आहे. डोळे उघडेपर्यंत थांबू?

थांबू नका. कुत्र्याच्या पिल्लांचे डोळे साधारण १० ते १४ दिवसांत उघडतात, मांजरांचे थोडे आधी. त्यापूर्वीच पापणी टम्म फुगली किंवा कोपऱ्यातून पू दिसला तर आत संसर्ग कोंडलेला असतो. कोमट ओल्या गॉजने शेकत त्याच दिवशी न्या. पापणी स्वतः फाडून उघडू नका.

प्राण्याचे आलेले डोळे माणसाला लागतात का?

बहुतेक वेळा नाही. मांजरांतला क्लॅमायडिया क्वचित माणसाला होतो, पोपटवर्गीय पक्ष्यांतला त्याचा भाऊबंद मात्र माणसाला न्यूमोनिया करू शकतो. डोळा पुसल्यावर हात धुतले की पुरे. आजारी पक्ष्याजवळ मास्क लावा. घरातल्या इतर मांजरांपासून आजारी मांजर वेगळं ठेवा.

घरगुती उपाय किती वेळ करून बघायचा?

डोळा उघडा आहे, स्राव पातळ आहे, प्राणी खातोय-खेळतोय, तर २४ तास. तेवढ्यात स्पष्ट उतार दिसायला हवा. "तसाच आहे" म्हणजे उतार नव्हे. चपट्या चेहऱ्याच्या कुत्र्या-मांजरांसाठी मी एवढंही थांबत नाही, कारण त्यांचे बाहेर आलेले डोळे कमी संवेदनशील असतात आणि मोठा व्रणसुद्धा ते फारसं न दाखवता सहन करतात. रोज एकाच जागी, एकाच उजेडात मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पशुवैद्याला त्याचा खूप उपयोग होतो.

घरात मी एकटीच असते. थेंब घालताना कुत्रा पळतो, काय करू?

समोरून जाऊ नका. त्याला भिंतीच्या कोपऱ्यात, तुमच्या गुडघ्यांमध्ये पाठमोरं बसवा. लहान प्राण्याला टॉवेलमध्ये गुंडाळा, फक्त डोकं बाहेर. एका हाताने हनुवटी वर उचला, दुसरा हात बाटलीसह कपाळावर टेकवा, म्हणजे त्याने डोकं हलवलं तरी हात सोबत हलेल आणि टोक डोळ्यात टोचणार नाही. त्याच हाताच्या कडेने वरची पापणी मागे ओढा आणि थेंब वरून, मागच्या बाजूने सोडा. एकच थेंब पुरतो, जास्तीचा गालावरच येतो. लगेच आवडीचा खाऊ द्या, प्रत्येक वेळी, न चुकता. चोळत असेल तर शंकूच्या आकाराची कॉलर घालाच, तो कितीही केविलवाणा दिसला तरी. दोन वेगवेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, आणि मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी.